गुलामांना लिंकनने सोडवलं की ते स्वतः सुटले? फळ्यावरचं वाक्य बदलायचंय

शाळेचीघंटा | १२ जून, सकाळी ७:४०

नमस्कार मंडळी. मी ३१ वर्षं हायस्कूलला इतिहास शिकवला. अमेरिकेच्या यादवी युद्धाला आमच्याकडे एक तास मिळायचा, त्यात फळ्यावर एक वाक्य ठरलेलं, "अब्राहम लिंकनने गुलामगिरी नष्ट केली." मुलं वहीत उतरवून घ्यायची, आणि गाळलेल्या जागेत लिंकन लिहिलं की एक मार्क पक्का.

सध्या लेकाकडे व्हर्जिनियाला आलेय. गेल्या रविवारी त्याने हॅम्प्टनचा फोर्ट मन्रो दाखवला. दगडी तट, भोवती पाण्याने भरलेला खंदक, पलीकडे समुद्र. १६१९ च्या ऑगस्टमधे इंग्रजांच्या व्हर्जिनिया वसाहतीत आफ्रिकेतून पकडून आणलेली पहिली माणसं उतरवली ती याच टोकावर. आणि जवळजवळ २४२ वर्षांनी, २३ मे १८६१ च्या रात्री, याच टोकाला एक होडी लागली. गुलामगिरी ठेवणारी दक्षिणेची राज्यं देशातून फुटली होती आणि लिंकनच्या उत्तरेशी त्यांचं युद्ध सुरू होऊन दीड महिनाही झाला नव्हता. होडीत तिघे, फ्रँक बेकर, शेपर्ड मॅलरी आणि जेम्स टाउनसेंड. पलीकडच्या काठावर सूअल्स पॉइंटला दक्षिणेच्या फौजेचा तोफांचा मोर्चा बांधायला त्यांना जुंपलं होतं. मालक कर्नल चार्ल्स मॅलरी त्यांना आता नॉर्थ कॅरोलायनाला पाठवणार होता, म्हणजे घरच्यांपासून कायमचं तोडणार. तिघांनी ठरवलं आणि शत्रूच्या, म्हणजे उत्तरेच्या, किल्ल्यात आले.

किल्ल्याचा प्रमुख जनरल बटलर मूळचा वकील. मालकाच्या वतीने एक मेजर आला, की पळालेला गुलाम परत करायचा कायदा आहे, आमची माणसं द्या. बटलर म्हणाला, तुमचं राज्य म्हणतंय आम्ही वेगळा देश, मग आमचा कायदा तुम्हाला कसा लागू? आणि शत्रू युद्धासाठी जो माल वापरतो तो जप्त करायचा हक्क मला आहे. म्हणजे ज्या कायद्याने माणसाला माल ठरवलं त्याच कायद्याचा आधार घेऊन त्यांना परत पाठवायचं नाकारलं.

मी तिथे बाकावर बसून राहिले. त्या वेळी लिंकन सरकार तर उघड सांगत होतं की आम्ही गुलामगिरीला हात लावणार नाही, आम्हाला फक्त देश एक ठेवायचाय. मग हे तिघे वल्हवत आलेच नसते तर? निवृत्त झाले तरी गावातल्या अभ्यासिकेत संध्याकाळी मुलं येतात माझ्याकडे. त्यांच्यासाठी मला ते वाक्य बदलायचंय. काय लिहू?

रानवाटा | १२ जून, सकाळी ८:१५

बाई, आम्हालाही हेच वाक्य होतं. आमच्या गाइडात तर खाली जोड्या लावा मधेही होतं.

तर्कटी | १२ जून, सकाळी ९:०२

बाई, तुमच्या भावनेचा आदर आहे पण मी असहमत. गुलाम काय १८६१ लाच पळायला लागले का? आधीही पळत होते, कॅनडापर्यंत जात होते. १८३१ साली नॅट टर्नरने याच व्हर्जिनियात उठाव केला, चिरडला गेला, वर निरपराध काळ्या माणसांची कत्तल झाली. अडीचशे वर्षं धैर्य कमी नव्हतं, कमी होती ती पाठीशी उभी असणारी फौज. ती फौज कोणी उभी केली, चार वर्षं युद्ध कोणी रेटलं, दक्षिणेतल्या गुलामांना मुक्त ठरवणाऱ्या १ जानेवारी १८६३ च्या जाहीरनाम्यावर सही कोणी केली, गुलामगिरी कायमची बंद करणारी तेरावी घटनादुरुस्ती काँग्रेसमधून, म्हणजे तिथल्या संसदेतून, कोणी ढकलून नेली? होडी लागायला किनाऱ्यावर धक्का बांधलेला लागतो. तो धक्का लिंकनचा होता.

शाळेचीघंटा | १२ जून, सकाळी ९:२०

@तर्कटी, मुद्दा रास्त आहे. यावर कोणी सविस्तर बोला.

पोटोमॅककाठी | १२ जून, रात्री १०:४७

मी मेरीलँडला १८ वर्षं राहते आणि हा विषय माझ्या फार जवळचा आहे म्हणून जरा लांब लिहिते.

तर्कटी, तुम्ही शेवटच्या दोन तारखा घेतल्या, मधल्या घ्या. फोर्ट मन्रोला तिघे आले मे १८६१ ला, आठवड्यात त्यांच्यामागे बायकापोरांसकट कितीतरी आले, आणि जुलै संपेपर्यंत नऊशेच्या आसपास माणसं किल्ल्याच्या आसऱ्याला होती. बटलर वॉशिंग्टनला पत्र लिहून विचारतोय की पुरुष तटबंदीच्या कामावरचे होते म्हणून जप्त केले, पण बायका आणि तान्ही मुलं यांना मी काय समजू? त्या पत्रांना उत्तर द्यावंच लागलं. ६ ऑगस्ट १८६१ ला काँग्रेसने पहिला जप्तीचा कायदा केला, जे गुलाम शत्रूच्या लष्करी कामाला लावले होते त्यांच्यावरचा मालकाचा हक्क संपला. तरी बरेच अधिकारी पळून आलेल्यांना मालकाच्या हवाली करतच होते, म्हणून मार्च १८६२ ला तेही बंद केलं, परत पाठवेल त्या अधिकाऱ्याची नोकरी जाईल. एप्रिलमधे राजधानी वॉशिंग्टनमधली गुलामी संपवली (आणि भरपाई कोणाला? मालकांना, माणशी ३०० डॉलरपर्यंत). १७ जुलै १८६२ ला दुसरा जप्तीचा कायदा आणि काळ्या माणसांना फौजेच्या कामावर घ्यायचा कायदा एकाच दिवशी. मग सप्टेंबरला लिंकनने इशारा दिला आणि जानेवारीत जाहीरनामा.

ही सगळी पावलं सरकारने उचललीत, मान्यच आहे. पण प्रत्येक वेळी दारात आधीच माणसं येऊन उभी होती आणि सरकारला ठरवावं लागत होतं की यांचं करायचं काय. युद्धाच्या चार वर्षांत अंदाजे पाच लाख लोक असे उत्तरेच्या फौजेच्या हद्दीत आले. चाळीस लाखांतले पाच लाख. कुठल्याही सरकारला "हा प्रश्न आमचा नाही" म्हणता येऊ नये इतका हा आकडा आहे.

दर्यावर्दी | १२ जून, रात्री ११:३०

धागा वाचून झोप उडाली. मी २२ वर्षं जहाजावर काढली, आता अलिबागला असतो. रॉबर्ट स्मॉल्सबद्दल कोणीच लिहिलं नाही म्हणून लिहितो.

साउथ कॅरोलायनातलं चार्ल्सटन बंदर, १३ मे १८६२ ची पहाट. 'प्लँटर' नावाची वाफेवर चालणारी बोट, दक्षिणेच्या फौजेसाठी तोफा आणि दारूगोळा ने-आण करायची. सुकाणूवर रॉबर्ट स्मॉल्स, वय २३, गुलाम. पायलटचं, म्हणजे बंदरातून बोट वाट काढत नेण्याचं, काम हा करायचा पण काळा म्हणून त्याला पायलट म्हणायचे नाहीत, नुसता चाकावरचा माणूस म्हणायचे. त्या रात्री गोरे अधिकारी नियम मोडून किनाऱ्यावर झोपायला गेले. स्मॉल्सने बॉयलर पेटवला, आधी एका धक्क्यावरून स्वतःची बायको हॅना, मुलं आणि बाकीच्या खलाशांची माणसं उचलली, आणि निघाला.

आता मी जे सांगतो ते बोट हाकलेल्या माणसालाच कळेल. घाईने पळाला असता तर पहिल्याच मोर्चाने उडवला असता. तो रोजच्याच चालीने गेला. कॅप्टनची गवती टोपी डोक्यावर, कॅप्टन जसा हाताची घडी घालून उभा राहायचा तसाच उभा, वाटेतल्या प्रत्येक किल्ल्याला भोंग्याचा ठरलेला इशारा दिला. सर्वात शेवटी फोर्ट सम्टर, जिथे युद्धाची पहिली तोफ डागली गेली तोच, त्याच्या तोफांच्या तोंडाखालून उजाडता उजाडता गेला. इशारा बरोबर म्हणून पहारेकऱ्याने जाऊ दिलं. माऱ्याबाहेर आल्यावर दक्षिणेचं निशाण उतरवून बिछान्याची पांढरी चादर चढवली, कारण पुढे उत्तरेची जहाजं होती आणि ती गोळी घालायच्या बेतात होती. बोटीवर १६ माणसं होती, पकडलो गेलो तर सगळी बोट बुडवायची आणि आपणही बुडायचं असं आधीच ठरलेलं.

बरोबर काय नेलं ते बघा. तोफा नेल्या, संकेतांची वही नेली, आणि डोक्यात अख्खं बंदर नेलं, कुठे किती खोल पाणी, कुठे सुरुंग पेरलेत, कुठल्या मोर्चावरून फौज हलवलीये. असा माणूस शत्रूकडून निघून आपल्याकडे येतो तेव्हा त्याची किंमत एका पलटणीएवढी असते. पुढे हा अमेरिकन काँग्रेसचा सभासद झाला, आणि ब्यूफर्टमधलं ज्या मालकाच्या आवारात जन्मला ते घर त्याने स्वतः विकत घेतलं.

रानवाटा | १२ जून, रात्री ११:५२

काका, अंगावर काटा आला. चादर घरूनच घेतली असणार म्हणजे वहिनींचा प्लॅन पक्का होता.

दर्यावर्दी | १३ जून, सकाळी ६:१०

@रानवाटा, हॅना हॉटेलात खोल्या आवरायचं काम करायची, चादर तिथलीच असं म्हणतात. बंदरावर याची खात्री देणारं कोणी नव्हतं, पण मला ते पटतं.

फौजी_सातारा | १३ जून, सकाळी ८:३५

जय हिंद. मी पायदळात २४ वर्षं होतो, त्यामुळे पलटणीचं जे माहीत आहे ते लिहितो.

जाहीरनाम्यानंतर काळ्यांच्या रेजिमेंटी रीतसर उभ्या राहिल्या. युद्ध संपेपर्यंत भूदलात जवळजवळ १,७९,००० काळे सैनिक आणि आरमारात १८-१९ हजार. उत्तरेच्या फौजेचा दहावा हिस्सा. बहुतेक जण गुलामगिरीच्या राज्यांतले, काल शेतात राबत होते ते आज रांगेत. ७ जून १८६३ ला मिसिसिपीकाठी मिलिकन्स बेंडला जे लढले त्यांच्यातल्या बऱ्याच जणांना बंदूक हातात येऊन थोडेच दिवस झाले होते, त्यातही बंदुका जुनाट, तरी संगिनींनी हातघाईची लढाई केली. संगिनीची लढाई म्हणजे समोरच्याचं तोंड दिसतं. ती नवखा शिपाई करत नाही, ज्याला मागे जायला जागाच नाही तो करतो.

आता पगार. गोऱ्या शिपायाला महिना १३ डॉलर आणि कपड्याचे वेगळे. काळ्याला १०, त्यातून ३ कपड्याचे कापून ७. मॅसॅच्युसेट्सची ५४ वी पलटण, जिने जुलै १८६३ ला फोर्ट वॅग्नरवर चढाई केली आणि सहाशेतले पावणेतीनशेच्या आसपास मेले, जखमी झाले किंवा सापडले नाहीत, त्या पलटणीने हा कमी पगार दीड वर्ष घेतलाच नाही. घरी बायकापोरं उपाशी, हे इकडे मरतायत, पण सही करून कमी पैसा घेणार नाहीत. राज्य सरकारने वरचा फरक आम्ही भरतो म्हटलं तेही नाकारलं, कारण पैशाचा प्रश्न नव्हता, शिपाई म्हणून बरोबरीचा होता.

आणि सार्जंट विल्यम वॉकर. साउथ कॅरोलायनाची ३ री पलटण, गुलामीतून आलेल्यांची. नोव्हेंबर १८६३ मधे याने आपल्या कंपनीला घेऊन कॅप्टनच्या तंबूसमोर बंदुका ठेवल्या, म्हणाला ठरलेला पगार नाही तर आम्ही शिपाई नाही. त्याला बंडखोरीच्या गुन्ह्याखाली २९ फेब्रुवारी १८६४ ला गोळ्या घातल्या. जून १८६४ ला काँग्रेसने समान पगार मंजूर केला. साडेतीन महिने. मी आयुष्यभर शिस्त शिकवली, बंदूक खाली ठेवणं म्हणजे काय ते मला समजतं, तरी या माणसाचं नाव वाचलं की मी उभा राहतो.

त्यात पकडले गेले तर युद्धकैदी म्हणून वागवायला दक्षिण तयार नव्हती, एप्रिल १८६४ ला फोर्ट पिलोला शरण आलेल्या काळ्या सैनिकांना कापून काढलं. गोऱ्या शिपायाला पकडल्यावर तुरुंगाची भीती, याला परत साखळीची नाहीतर थेट मरणाची. एकूण जवळपास ४०,००० काळे सैनिक गेले, त्यातले तीन चतुर्थांश रोगाने.

तर्कटी | १३ जून, सकाळी ९:१०

फौजी साहेब, सलाम. माझा मुद्दा मात्र अजून उभा आहे, पण संध्याकाळी लिहितो.

सोलापूरची_चादर | १३ जून, दुपारी १:०५

सगळे पुरुषांचंच सांगताय. बायका, म्हातारी माणसं, लेकरं? त्यांनी काय केलं युद्धात?

केतकी | १३ जून, दुपारी ४:२२

@सोलापूरची_चादर, हेच मला खटकत होतं, बरं झालं विचारलंत.

हॅरिएट टबमनचं नाव बहुतेकांनी ऐकलेलं असतं पण ती युद्धात काय करत होती ते कमी माहीत असतं. ती स्वतः गुलामीतून पळालेली. साउथ कॅरोलायनात ती फौजेसाठी हेरगिरी करायची, नदीकाठच्या गुलामांकडून बातम्या काढायची, सुरुंग कुठे आहेत ते. २ जून १८६३ ला कोम्बाही नदीत कर्नल माँटगोमेरीच्या बोटी घेऊन जी धाड घातली त्यात तिचा हात होता, भाताच्या मळ्यांमधून सातशेच्या वर माणसं एका दिवसात बाहेर काढली. बायका कडेवर पोर, डोक्यावर चुलीवरचा वाफाळता भात असलेली हंडी, तशाच धावत काठावर आल्या असं तिने सांगून ठेवलंय.

सूझी किंग टेलर, जन्म १८४८. गुलामांना वाचायला शिकवणं जॉर्जियात गुन्हा होता, ही सव्हॅनाला पुस्तकं कागदात गुंडाळून चोरून शाळेत जायची. १४ व्या वर्षी घरच्यांबरोबर उत्तरेच्या बोटींकडे निसटली आणि लगेच बेटावर मुलांना शिकवायला लागली. मग एका काळ्या पलटणीबरोबर राहिली, नावाला धोबीण, प्रत्यक्षात सैनिकांना अक्षरं शिकवायची, जखमी बघायची, बंदुका साफ करायची. पगार मिळाला नाही. तिकडे बाईंच्या हॅम्प्टनलाच मेरी पीक या काळ्या शिक्षिकेने १८६१ मधेच एका ओकच्या झाडाखाली पळून आलेल्यांची शाळा भरवली, बाई ते झाड अजून आहे, जाऊन या.

आता कडू भाग. केंटकीत कॅम्प नेल्सन नावाचा तळ होता, तिथे दहा हजारांवर काळे सैनिक भरती झाले. केंटकी उत्तरेच्या बाजूने होती म्हणून लिंकनचा जाहीरनामा तिथे लागूच नव्हता (हे बऱ्याच जणांना माहीत नसतं). म्हणजे जो भरती झाला तो मोकळा, पण त्याची बायको आणि मुलं मालकाचीच. ती माणसं नवऱ्यामागे तळावर येऊन झोपड्या बांधून राहिली. नोव्हेंबर १८६४ च्या कडाक्याच्या थंडीत तळाच्या प्रमुखाने चारशेएक बायकामुलांना गाड्यांत घालून बाहेर काढलं आणि झोपड्या पाडल्या. जोसेफ मिलर नावाच्या शिपायाचं शपथपत्र उपलब्ध आहे. त्याचा आजारी मुलगा, सात वर्षांचा, त्याला त्या थंडीत गाडीत चढवलं. मिलर रात्री चालत सहा मैलांवर गेला, घरचे एका थंडगार प्रार्थनाघरात सापडले, मुलगा गेलेला. रात्रीच तळावर हजर व्हायचं होतं म्हणून परत चालत आला, सकाळी पुन्हा गेला आणि स्वतः खड्डा खणून मुलाला पुरला. काढून दिलेल्यांतले शंभरावर लोक मेले.

हे शपथपत्र वर्तमानपत्रांपर्यंत गेलं, बोभाटा झाला, आणि ३ मार्च १८६५ ला काँग्रेसने कायदा केला की सैनिकाची बायको आणि मुलं मुक्त. लिंकनने सही केली हे खरंच. त्या सहीमागे मिलरचा मुलगा आहे.

सोलापूरची_चादर | १३ जून, दुपारी ४:५०

वाचवत नाही. धन्यवाद केतकी.

वऱ्हाडी_ठेचा | १३ जून, संध्याकाळी ६:३०

जरा वेगळं सांगतो. या युद्धाचा आमच्या वऱ्हाडाशी थेट संबंध हाये. दक्षिणेचा कापूस इंग्लंडला जायचा तो उत्तरेच्या आरमाराने अडवला, मँचेस्टरच्या गिरण्या उपाशी पडल्या, आन् मग सगळ्यांचं लक्ष आपल्या कापसाकडे. १८६१ ते ६५ मुंबईत पैशाचा पूर आला, प्रेमचंद रायचंदसारखे शेठ उभे राहिले, समुद्र बुजवायच्या कंपन्या, बँका, शेअरचा नाद. १८६५ ला युद्ध संपलं, भाव कोसळला, मुंबईत घराघरांत रडारड. आमच्या शेतकऱ्याने त्या तेजीत कापूस वाढवला तो तसाच गळ्यात राहिला. राजाबाई टॉवरला जे पैसे दिले ते याच प्रेमचंद रायचंदने.

तर्कटी | १३ जून, संध्याकाळी ६:४१

ठेचा भाऊ, माहिती उत्तम पण धागा भरकटतोय.

पोटोमॅककाठी | १३ जून, संध्याकाळी ७:१५

नाही भरकटत. दक्षिणेला वाटत होतं कापसाच्या जोरावर इंग्लंडला आपल्या बाजूला खेचू. तो कापूस पिकवत कोण होतं? म्हणून पळून गेलेला प्रत्येक माणूस दुहेरी फरक पाडत होता, इकडून एक वजा आणि तिकडे एक अधिक. डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस या काळ्या इतिहासकाराने १९३५ मधे याला सरळ सार्वत्रिक संप म्हटलं. मळ्यावर राहिले त्यांनीसुद्धा काम मंदावलं, गोरे पुरुष लढाईवर गेल्यावर हुकूम ऐकणं कमी केलं. दक्षिणेला इतकी धास्ती, की ऑक्टोबर १८६२ ला कायदा केला, २० गुलाम असतील त्या मळ्यावर एक गोरा पुरुष भरतीतून सूट. गरीब गोरे त्यावर भडकले. घरच्या गुलामांवर पहारा ठेवायला फौजेतले हात कमी करावे लागत होते.

तर्कटी | १३ जून, रात्री ९:४८

सावकाश वाचलं सगळं. माझं म्हणणं नेमकं करतो. पाच लाख आले, म्हणजे पस्तीस लाख नाही आले. ज्यांच्या गावाजवळ फौज पोचली नाही त्यांना पळता आलं नाही. टेक्सासला तर मालक आपले गुलाम मुद्दाम हाकत घेऊन गेले, फौजेपासून लांब. तिथे १९ जून १८६५ ला गॅल्व्हस्टनला जनरल ग्रेंजर उतरून हुकूम वाचून दाखवेपर्यंत स्वातंत्र्य पोचलं नाही, जाहीरनाम्याला अडीच वर्षं होऊन गेली होती. (सहा दिवसांनी तो दिवस येतोय.) ते लोक कमी शूर होते का? नाही. फौज लांब होती. म्हणून मी म्हणतो फौज आणि कायदा मोजा. मात्र एक मान्य करतो, ती फौज स्वतःच दहा टक्के या लोकांची बनलेली होती हे मी आधी हिशेबात धरलं नव्हतं. १८६४ च्या ऑगस्टमधे लिंकन स्वतः सांगतोय की हे काळे सैनिक काढून घेतले तर युद्ध सोडून द्यावं लागेल.

फौजी_सातारा | १३ जून, रात्री १०:०५

तर्कटी साहेब, मोठ्या मनाने लिहिलंत.

सत्यशोधक_पाईक | १४ जून, सकाळी ७:००

इतकं झालं आणि जोतीरावांचं नाव आलं नाही. १८७३ च्या 'गुलामगिरी'ची अर्पणपत्रिका आठवा. अमेरिकेतल्या सदाचारी लोकांनी गुलामांना दास्यातून मुक्त करायच्या कामी जे औदार्य आणि निरपेक्षता दाखवली, त्यांच्या सन्मानार्थ ते पुस्तक वाहिलंय, आणि आपल्या देशबांधवांनी तो कित्ता गिरवावा अशी इच्छा व्यक्त केलीये. तेरावी दुरुस्ती होऊन आठच वर्षं झाली होती आणि पुण्यात बसलेल्या माणसाला त्या युद्धाचा अर्थ आपल्या शूद्रातिशूद्रांसाठी काय हे कळलं होतं.

आता या धाग्याचा प्रश्न तिथेही लागू होतो. अर्पणपत्रिकेत श्रेय आहे सोडवणाऱ्यांना. जे सुटले त्यांच्या धडपडीचा उल्लेख त्या ओळींत नाही. मी यावर बराच विचार केलाय. मला वाटतं ती ओळ इथल्या वरच्या जातींना उद्देशून आहे, की बघा तिकडचे वरचे लोक काय करू शकले, तुम्ही का नाही? ती त्यांना लाजवायला लिहिलेली आहे. स्वतः जोतीराव आणि सावित्रीबाई तर फौजेची वाट न बघता शाळा काढून मोकळे झाले होते. सूझी टेलर कागदात पुस्तकं गुंडाळून जाते हे वाचताना मला शेण अंगावर झेलत शाळेत जाणाऱ्या सावित्रीबाईच दिसल्या.

आणि वर ज्या डू बॉइसचा उल्लेख आला त्यांना १९४६ मधे बाबासाहेबांनी पत्र लिहिलं होतं, अमेरिकेतले काळे लोक संयुक्त राष्ट्रांकडे जो अर्ज करतायत त्याची प्रत मागायला. डू बॉइस यांनी उत्तरही पाठवलं.

केतकी | १४ जून, सकाळी ८:१२

ही बाजू माझ्या कधी लक्षात आली नव्हती. अर्पणपत्रिका आज परत वाचते.

रानवाटा | १४ जून, सकाळी ८:४०

मग आपला मलिक अंबर? तोही गुलाम म्हणून आला आणि निजामशाहीचा कारभारी झाला, मुघलांना जेरीस आणलं. तोही याच यादीत ना?

सत्यशोधक_पाईक | १४ जून, सकाळी ९:२५

@रानवाटा, माणूस थोर, पण गोष्ट वेगळी. दख्खनेत हबशी गुलाम विकत घ्यायचे तेच मुळी फौजेसाठी आणि त्यांना वर चढायची वाट होती. मलिक अंबर वर चढला, गुलामांची खरेदी-विक्री चालूच राहिली. कॅरोलायनात हातात शस्त्र देणं म्हणजे ती व्यवस्थाच बुडवणं होतं, म्हणून तर दक्षिण घाबरत होती. शेवटी पार बुडताना, १३ मार्च १८६५ ला, दक्षिणेच्या काँग्रेसने काळ्यांना फौजेत घ्यायचा कायदा केला, चार आठवड्यांत दक्षिणेचा सेनापती ली याने शरणागती पत्करली.

पोटोमॅककाठी | १४ जून, सकाळी ९:५०

त्या शेवटच्या दिवसांतली एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. ३ एप्रिल १८६५ ला दक्षिणेची राजधानी रिचमंड पडली तेव्हा आत शिरणाऱ्यांत काळ्या पलटणी होत्या. २८ व्या पलटणीचा धर्मगुरू गारलँड व्हाइट, व्हर्जिनियात जन्मलेला, लहानपणी आईपासून तोडून जॉर्जियाला विकलेला, पुढे कॅनडाला पळालेला. रिचमंडच्या रस्त्यावर गर्दीत एक म्हातारी बाई त्याला शोधत आली, तिने त्याला प्रश्न विचारले, तुझं नाव काय, जन्म कुठला, आईचं नाव काय. मग म्हणाली, मीच तुझी आई. वीस वर्षांनी भेटले.

आणि मिसूरीचा स्पॉट्सवुड राइस, सैनिक, इस्पितळात पडलेला, सप्टेंबर १८६४. त्याच्या मुली अजून मालकिणीकडे. त्याने दोन पत्रं लिहिली. मुलींना लिहिलं धीर धरा, जीव गेला तरी तुम्हाला घेऊन जाईन. मालकिणीला लिहिलं की आम्ही फौज घेऊन येतोय, माझी मुलगी जेवढे दिवस अडवून ठेवशील तेवढे दिवस नरकात जास्त जळशील. दोन वर्षांपूर्वी हाच माणूस असं बोलला असता तर चाबकाने सोलला असता. जाहीरनाम्याचा अर्थ काय झाला ते मला या पत्रातून कळतं.

दर्यावर्दी | १४ जून, सकाळी ११:१५

एक शब्दाची शंका. आपण सगळे "गुलाम" "गुलाम" लिहितोय. स्मॉल्स गुलाम होता की त्याला गुलाम करून ठेवलं होतं?

सत्यशोधक_पाईक | १४ जून, सकाळी ११:४०

दुसरं. "गुलामीत ठेवलेली माणसं" म्हणावं, लांब आहे पण बरोबर आहे.

शाळेचीघंटा | १५ जून, सकाळी ६:५५

सगळं दोनदा वाचलं, लेकाला आणि सुनेलाही वाचून दाखवलं. काल केतकीच्या सांगण्यावरून हॅम्प्टनचं ओकचं झाड बघून आले. फांद्या जमिनीला टेकतील इतक्या पसरल्यात. मी त्याखाली उभी राहिले आणि पहिल्यांदा मला त्या युद्धात माझ्या पेशाची माणसं दिसली.

परवा इथल्याच, व्हर्जिनियातल्या अलेक्झांड्रियालाही नेलं होतं. तिथे पळून आलेल्या लोकांचं कब्रस्तान आहे, सतराशेच्या वर माणसं पुरलीयत, बरीच लहान मुलं. मधल्या काळात त्याच्यावर पेट्रोल पंप बांधला होता, आता तो काढून २०१४ पासून स्मारक आहे. लेकाने तिथली एक गोष्ट सांगितली ती फौजी साहेबांसाठी लिहिते. डिसेंबर १८६४ मधे इस्पितळातल्या चारशेच्या वर काळ्या सैनिकांनी अर्ज केला, की आमच्या साथीदारांना सैनिकांच्या कब्रस्तानात पुरा, आम्ही आता पळून आलेले लोक नाही, आम्ही अमेरिकेच्या फौजेचे शिपाई आहोत. मागणी मान्य झाली, आधी पुरलेल्यांनाही तिकडे हलवलं.

तर्कटी, तुमच्यामुळे मी माझं पहिलं मत थोडं बदललं. "ते स्वतःच सुटले" असंही मी लिहिणार नाही, टेक्सासच्या माणसांवर तो अन्याय होईल. फळ्यावर हे लिहायचं ठरवलंय, "गुलामीत ठेवलेली माणसं पळून आली, कामं बंद केली, लढली, त्यांनी लिंकनच्या सरकारला आपल्या मुक्तीचे कायदे करायला भाग पाडलं आणि त्या कायद्यांसाठीचं युद्ध जिंकून दिलं." लांबलंय, पण एक तास आता मला पुरणारही नाही. गाळलेली जागा ठेवलीच तर तिथे तिघांची नावं मागेन.

तर्कटी | १५ जून, सकाळी ७:३०

"भाग पाडलं" ला माझी अजून थोडी हरकत आहे, लिंकनची स्वतःची गुलामगिरीबद्दलची चीड खरी होती. पण वाक्य मुलांना द्या, मी आडवा येत नाही.

फौजी_सातारा | १५ जून, सकाळी ७:४४

बाई, सार्जंट वॉकरचं नाव मात्र कुठेतरी घाला.

शाळेचीघंटा | १५ जून, सकाळी ८:०२

घालते, फळ्याच्या डाव्या कोपऱ्यात रोज एक नाव लिहायचं ठरवलंय, पहिल्या आठवड्यात वॉकर आणि सूझी टेलर. दर्यावर्दी भाऊ, 'प्लँटर' बोटीची गोष्ट तुमच्या तोंडून मुलांना ऐकवाल का? मी ५ जुलैला परततेय, मुलं साडेपाचला येतात.

दर्यावर्दी | १५ जून, सकाळी ८:०९

येतो. भोंगा घेऊन येतो, इशारा कसा द्यायचा ते मुलांना वाजवूनच दाखवू.